खड्ड्याच्या कडेचा फोकस

उस्मानपुऱ्यात आता जिथं सात मजली इमारत उभी आहे, तिथं आधी दोन पुरुष खोल खड्डा होता. तळघरातल्या पार्किंगसाठी खांदलेला. त्या साईटचा मी वॉचमन. मी आणि माझी घरची तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचो. खोली खड्ड्याच्या मागच्या अंगाला, फाटक पुढच्या अंगाला, आणि मधी खड्ड्याच्या कडेकडेनं टाकलेल्या फळ्यांची वाट. मी फाटकाशी बसायचो. दिवस मावळताना ती त्या वाटेनं माझी भाकरी घेऊन यायची.

हे मी स्वतः लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झाली, ती बी सगळी नाही, कारण मेंढरं अजिंठ्याच्या डोंगराकडं निघाली की मला त्यांच्यामागं जावं लागायचं. पण लिहिता-वाचता येतं. हळू येतं, पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायची गरज मला पडलेली नाही.

साईटवरच्या ऑफिसात भिंतीला एक कागद प्लास्टिकमधी घालून लावला होता, उजेडाच्या नियमांचा. तो मी दोन दिवस लावून वाचला. खड्ड्याच्या कडेला उजेड पाहिजे. येण्याजाण्याच्या वाटेवर पाहिजे, शिडीपाशी पाहिजे. दिवा उंच खांबावर पाहिजे आणि उजेड वरून खाली पडला पाहिजे, माणसाच्या डोळ्यात नाही. रस्त्याच्या बाजूला लाल दिवा. दिवस मावळायच्या आधी सगळे दिवे चालू. आणि शेवटी, नेमलेल्या माणसाशिवाय दिव्यांना कुणी हात लावू नये.

ही शेवटची ओळ मला टोचली. उभा जन्म रानात, अंधारात जनावरं राखली मी. अंधार कसा असतो आणि उजेड कुठं लागतो हे मला कागदानं सांगावं?

नेमलेला माणूस म्हणजे वायरमन. छावणी भागात राहायचा, चाळिशीचा, काटकुळा, गालात कायम सुपारी. रोज संध्याकाळी येऊन एकेक दिवा लावून बघायचा आणि रजिस्टरात सही करायचा. फळ्यांच्या वाटेवर त्यानं खांबाला मोठा फोकस लावला होता, तोंड खाली करून. त्या उजेडात फळीतला खिळा न् खिळा दिसायचा.

माझी घरची त्याला म्हणायची, "भाऊ, तुझ्या दिव्यात मला तांदळातले खडे दिसत्यात बघ."

तो म्हणायचा, "चाची, एक बार चाचा को बी पाखडो. बहुत कंकर निकलेंगे."

ती तोंडाला पदर लावून हसायची. मी हसायचो नाही. पण राग बी नव्हता.

मग साईटवरनं सामान जायला लागलं. आधी बांधायच्या तारेचं एक बंडल, मग सळयांचे तुकडे. मागच्या भिंतीवरून कुणीतरी हात मारत होतं. इंजिनिअर साहेब म्हणजे माझ्या नातवाच्या वयाचा माणूस. त्यानं सगळ्या मजुरांसमोर मला विचारलं, "मामा, राखण करता का झोपा काढता?"

मजूर हसले. एक बाई तर घमेलं खाली ठेवून हसली. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. झोपलो असतो तर ऐकून घेतलं असतं. मी झोपत नव्हतो. मला दिसत नव्हतं.

कारण असं होतं. मेंढरं रानात बसवली की आम्ही जाळ करायचो, पण राखणारानं जाळाकडं पाठ करून बसायचं. बापानं मला हे थोबाडीत देऊन शिकवलं होतं. जाळाकडं बघणाऱ्याला जाळापलीकडचं काही दिसत नाही, आणि लांडगा ते ओळखून तिथंच उभा राहतो. आता हा फोकस माझ्या आणि मागच्या भिंतीच्या बरोबर मधी. फाटकाशी बसलं की नजर त्या उजेडावर अडायची आणि पलीकडची भिंत काळीठिक्कर. मी साहेबाला म्हणलं, "ह्या दिव्याचं तोंड मागं करा. मग बघू कोण भिंतीवर चढतं ते."

तो मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणाला, "मामा, ते नियमाप्रमाणं आहे. तुम्ही तुमचं काम बघा."

म्हणून मी माझं काम बघितलं. वायरमन सही करून गेला की शिडी लावायचो आणि फोकसचं तोंड मागच्या भिंतीकडं करायचो. पहिल्यांदा केलं तेव्हा घरची आधीच भाकरी देऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी वायरमननं फोकस खाली केला आणि माझ्याकडं आला.

"चाचा, तुम फिराए क्या?"

"वाऱ्यानं फिरला आसंल."

"हौ," तो म्हणाला, "तुमारे यहां की हवा पाना लेके आती."

पुन्हा फिरवला तेव्हा त्यानं मस्करी केली नाही. फळीवर उकिडवा बसून मला म्हणाला, "चाचा, नक्को करो. चाची इधर से आती. सीधा आंखो में मारता वो."

मी म्हणलं, "बायको माझी हाय. तिची काळजी तू मला शिकवू नगं. ही वाट तिच्या पायाला पाठ हाय."

तो उठला, पान्यानं नट लई आवळला आणि गेला.

तिसऱ्या वेळी नट माझ्या हातानं हलेना. सळई घालून ढिला केला, फोकस वर उचलून मागं वळवला, आणि तो पुन्हा खाली येऊ नये म्हणून खांबाला सुतळीनं, मेंढराला मारतो तसली गाठ मारून, बांधून टाकला. खाली उतरून फाटकाशी बसलो. दिवस मावळून थोडाच वेळ झाला होता. मागची भिंत आता तळहातासारखी दिसत होती. भिंतीवरचं मांजर दिसलं, काचांचे तुकडे दिसले. मला लई बरं वाटलं. उद्या साहेबाला इथं आणून बसवायचं आणि दाखवायचं, असं मनात घोळत होतं.

तेवढ्यात ती खोलीतनं निघाली.

मला ती स्वच्छ दिसत होती. लुगड्याचे काठ दिसत होते, हातातला डबा दिसत होता. फळ्यांवर आली आणि तिनं डब्याचा हात डोळ्यांपुढं धरला. मला वाटलं, मला हात करतीय. मी बी इकडनं हात केला. ती थांबली, एका पायानं फळी चाचपली, आणि मग ज्या बाजूला फळी नव्हती त्या बाजूला पाय टाकला.

आवाज नुसता डब्याचा आला. तिचा आलाच नाही.

खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, पण ती पुन्हा चालली नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आशा धरू नका. मी धरली, पण ते माझ्यापुरतं.

साहेब दवाखान्यात आला होता, गुत्तेदाराला घेऊन. व्हरांड्यात मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, "मामा, फोकस कुणी फिरवला?"

मी म्हणलं, "दिव्याचं काम वायरमनकडं हाय."

एवढंच बोललो. हे खोटं नाही असं मी तिथल्या तिथं मनाला सांगितलं, आणि पुढं बी सांगत राहिलो. रजिस्टरात वायरमनची सही होती. त्याला त्याच दिवशी काढलं. मी कपडे न्यायला साईटवर आलो तेव्हा तो पिशवीत पक्कड आणि टेस्टर भरत होता. माझ्याकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मी खोलीत गेलो. बाहेर आलो तेव्हा तो नव्हता.

इमारत पुरी झाली. आम्ही जवळच गल्लीत एक खोली घेतली. ती खाटेवर, मी तिच्या उशाशी. संध्याकाळ झाली की तिचं दुखणं चढतं, आणि दुखणं चढलं की ती वायरमनला शिव्या द्यायची.

"भाऊ म्हणलं मी त्याला. त्याचे हात झडतील, बघा तुमी. एक दिवा नीट लावता आला नाय मुडद्याला."

मी पाय दाबत बसायचो. "जाऊ दे," म्हणायचो. ती म्हणायची, "तुमी लई भोळे. तुमच्या जागी दुसरा असता तर त्याचं नरडं धरलं असतं."

दोन वर्षं हे ऐकलं. ऐकता ऐकता कधी कधी मला बी त्याचा राग यायचा, खरंच यायचा. माणसाचं मन किती नीच असतं ते मला म्हातारपणी कळलं.

शेवटी एका दुपारी मी छावणीत गेलो. तिथं मोकळ्या जागेत गाड्या लावायचा नवा तळ होत होता आणि तो खांबांना दिवे लावत होता. दाढी पिकायला लागली होती. मी शिडीखाली उभा राहून सगळं सांगितलं, मान वर करून, कारण तो खाली उतरला नाही.

"मालूम था मेरेकू," तो म्हणाला. "सुतली थी ना खंबे को. वैसी गाठ कोन मारता साइट पे? मैं तुमारे गांव का नई, फिर बी समज गया."

"मग साहेबाला का नाय सांगितलंस?"

"तुम बोलेंगे करके रुका था. चार दिन रुका घर में."

मी म्हणलं, आत्ता चल, आत्ता सांगतो साहेबाला. तो म्हणाला, "अब रहने दो चाचा. अब किसकू क्या फरक पडता?" मग वायर सोलत सोलत विचारलं, "चाची चलती क्या?"

मी नाही म्हणलं. चहा घेऊ म्हणलं तर मानेनंच नको म्हणाला आणि काम करत राहिला.

तो आला नाही तरी मी साहेबाकडं गेलो. साहेब आता दुसऱ्या साईटवर होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, ती इमारत लोकांच्या ताब्यात गेली कधीच. आता हे कशाला उकरता? घरी जा, आराम करा." मी म्हणलं, कागदावर लिहून देतो, सही करतो. तो म्हणाला, तो कागद ठेवायचा कुठं?

म्हणजे माझं खरं कुणालाच नको होतं. ते ऐकणारं एकच माणूस उरलं होतं.

त्याच संध्याकाळी तिचं दुखणं चढलं आणि तिनं सुरू केलं, "त्या मुडद्याचे..."

मी म्हणलं, "त्याला नगं बोलू. फोकस म्या फिरवला व्हता."

मी चोरीचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं, दवाखान्यात काय बोललो ते बी सांगितलं. ती आढ्याकडं बघत ऐकत होती. मला वाटलं आता रडंल, आरडंल, मला शिव्या घालंल. त्याची मी तयारी केली होती. तिनं एकच विचारलं.

"तवा मी तुमाला दिसत व्हते का?"

"व्हय," मी म्हणलं. "स्वच्छ दिसत व्हतीस."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

त्याला आता पावसाळा उलटून गेला. ती शिव्या देत नाही, कुणालाच नाही. मी पाय दाबायला बसलो की दाबू देते, पण ओरडायची तेवढी बी ओरडत नाही. मी इथं हाताच्या अंतरावर बसलेला असतो, आणि तहान लागली की ती दाराकडं बघून शेजारणीला हाक मारते.