चढाईचे सर

आमची जुनी कबड्डी टीम बारामतीच्या एसटी स्टँडवर चहाला जमली, की सोनवणे सरांचा एखादा किस्सा निघतोच. मग एकातून दुसरा. सुरुवातीला सगळे हसतात. नंतर कुणीतरी म्हणतं, "बास की आता." पण थांबत कुणीच न्हाय!

*

सर कॉलेजात कोच म्हणून आले, तेव्हाच प्रिन्सिपॉलना म्हणाले, "मी फक्त चढाई शिकवतो. पकड आपल्याला येत न्हाय."

"अहो, पण समोरचा चढाईला आला तर?"

"तवर त्यांची माणसंच उरायची न्हाईत!"

पहिल्या वर्षी आम्ही पोत्यानं गुण मिळवले आणि प्रत्येक मॅच हरलो. मी डावा कोपरा, म्हणजे पकडीतला. सरांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

*

दम वाढवायचा म्हणून सर इंदापूरच्या एसटीत सगळ्यांना एका सुरात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावायचे. एकदा पुढच्या सीटवरची म्हातारी कंडक्टरला म्हणाली, "लेकरा, आधी दवाखान्यात घे गाडी. पोरांना काय झालंय बघ!"

*

आमचा हुकमी चढाईपटू म्हणजे वरकुट्याचा दौलत. सरांचा जीव की प्राण. पुढच्या वर्षी इंदापूरच्या फायनलला बरोबरी झालेली आणि दौलतचा गुडघा मुरगळलेला.

"सर, लई कळ मारतीय."

"एकच चढाई, गड्या. मग वर्षभर बस!"

दौलत गेला, गडी मारून आला, आम्ही कप जिंकलो. पण त्या चढाईत गुडघा पार गेला. दौलत वर्षभर न्हाय, कायमचाच बसला.

*

सर दवाखान्यात गेले, तेव्हा कॉटशेजारी दौलतचे वडील, तात्या, बसलेले. तात्या भांडले न्हाईत. एवढंच म्हणाले, "सर, आता ह्याला काय शिकवणार?"

सर पिशवीतली मोसंबी तिथंच ठेवून बाहेर आले.

*

त्यानंतर सरांनी दुखऱ्या गड्याला कधी आत सोडलं न्हाय. नुसतं खरचटलं तरी "बाहेर बस!" आम्ही हरत गेलो. कॉलेजनं दुसरा कोच आणला. सर एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीच्या गेटवर वॉचमन झाले.

एकदा मी तिथून मोटारसायकलवरून चाललो होतो. विचारलं, "काय सर, कसं काय?"

"आता पकड शिकतोय," म्हणाले आणि ट्रकसाठी गेट उघडायला वळले.

*

मग एकदा वरकुट्याच्या जत्रेत जुन्या खेळाडूंची मॅच ठेवली. पंच होता दौलत, लंगडत पण ऐटीत! प्रेक्षकांत मागं उभ्या असलेल्या सरांना पोरांनी ओढून आणलं. सरांनी शर्ट काढला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि दम घेत आत शिरले.

समोरचे गडी बाजूला सरकायला लागले. सरांना धरणार कोण?

सर पार मागच्या रेषेपर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. दम चालू, पण मागं फिरायचं नाव न्हाय.

"धरा की त्यांना!" दौलत ओरडला. "खेळताय का पाया पडताय?"

सगळे एकदम तुटून पडले. ढिगाखालून 'कबड्डी कबड्डी' ऐकू येत होतं. बारीक होत होत ते थांबलं. दौलतनं शिट्टी मारली. गडी उठले. सर मातीत उताणे, डोळे मिटलेले. दौलत दुखरा पाय लांब करून कसाबसा खाली टेकला आणि त्यानं हात पुढं केला.

"उठा सर. बाद झाला तुमी."

सरांनी त्याचा हात घट्ट धरला, पण उठले न्हाईत.

"व्हय रं," म्हणाले, "जरा पडू दे."