विचारणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोणतीही गोष्ट विचारल्याशिवाय करत नसत. मोठ्यांची परवानगी घ्यायची म्हणून त्या विचारत नसत. ज्याची गोष्ट असेल त्यालाच विचारत. शेजारच्या लहान पोराचं नाक पुसायचं असलं तरी आधी "पुसू काय रे?" म्हणत, आणि तो नाही म्हणाला तर पदराचं टोक हातात धरून तशाच उभ्या राहत. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये आमच्या आजूबाजूला बहुतेक तेलुगू घरं. तिथल्या बायकांनी त्यांचं नाव 'अडिगे अम्मा' ठेवलं होतं, म्हणजे विचारणारी आई. त्यात थोडी थट्टा होती, पण अडचणीच्या वेळी त्याच बायका आमच्याच दाराशी येऊन बसत.

या विचारण्याचा घरात त्रासही होई. वरणात तिखट किती, हे त्या घरातल्या प्रत्येकाला विचारत आणि प्रत्येकाचं ऐकायला जात. एकदा मामंजींनी वांगं सांगितलं आणि आमच्या ह्यांनी भेंडी, तर दोन्ही भाज्या झाल्या आणि भाकरीला उशीर झाला. हे वैतागून म्हणाले, "आई, तूच ठरव ना एकदाचं." त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "जेवाचं तुले हाय. मी कशी ठरवू?"

मी त्या घरात आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. माझे वडील नेरडीगोंड्याजवळच्या खेड्यात दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लग्न झालं तसं शिक्षण संपलं, असं मी मनाशी धरूनच आले होते. आठवडाभराने चुलीपुढे बसलेल्या आत्याबाईंनी विचारलं, "पुढं शिकाचं हाय काय तुले?" मी काही बोलायच्या आत मामंजी बाहेरून म्हणाले की पाहू पुढच्या वर्षी. आत्याबाईंनी मानही वळवली नाही. "तिले इचारलं, तुमाले नाई," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मला 'हो' म्हणायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तव्यावरची भाकरी करपत होती, पण त्यांनी ती उलटली नाही.

ही सवय त्यांना कुठून लागली, ते मी एकदा विचारलं होतं. त्या हसल्या. त्यांचं लग्न फार लहानपणी झालं. त्या तेव्हा कापूस वेचायला गेल्या होत्या, आणि वावरातून बोलावून आणून त्यांच्या अंगाला हळद लावली. "बाजारात बैल घेतेत त दात त पाह्यतेत," त्या म्हणाल्या. "मले कोनी तोंडबी उघडाले लावलं नाई."

माझं पहिलं बाळंतपण आमच्या रीतीप्रमाणे माहेरी होतं. रीत अशी की पहिल्या बाळंतपणाची सगळी जबाबदारी माहेरची, आणि बारशाचं बोलावणं जाईपर्यंत सासूने विहिणीच्या दारात पाऊल टाकायचं नाही. मी सातव्या महिन्यात माहेरी आले. निर्मलच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. त्यांनी सांगितलेली तारीख आली आणि गेली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पहिलटकरणीचं मागंपुढं होतंच. आणखी दिवस गेले. दर सकाळी कोणी ना कोणी दारातून डोकावून "अजून नाई काय?" म्हणून विचारी, आणि मला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटे.

तारीख उलटून आठवडा झाला तेव्हा बाबा मला निर्मलला घेऊन गेले. तपासून डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या की बाळाभोवतीचं पाणी कमी होत चाललं आहे, आता फार वाट पाहण्यात अर्थ नाही; दवाखान्यात ठेवून सलाईनमधून औषध देऊन कळा आणाव्या लागतील, घरी विचारून लवकर या. बाबा हात जोडून "बरं" म्हणाले आणि आम्ही परत आलो.

खरी अडचण तिथून सुरू झाली. बाबांनी रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून जावयांना फोन लावला. "पोरगी तुमची अमानत हाय, जावईबापू. तुमी म्हनान तसं करू." हे तिकडून म्हणाले की पहिलं बाळंतपण तुमच्याकडचं, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच ठरवा. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, ह्यांनी पुन्हा तेच. दोघंही भली माणसं. दोघांनाही एकमेकांचा मान राखायचा होता, आणि मनातून दोघांनाही भीती होती की आपण होय म्हटलं आणि काही वाईट झालं तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही. माझ्या आईला तर सलाईनचं नावच नको होतं. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला असंच औषध दिलं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं होतं. ती परत आली तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिच्या आईला काय काय ऐकवलं, ते आईने कानांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी परत फोन झाला, परत तोच मान, तेच "तुम्ही म्हणाल तसं". बूथवरून येऊन बाबा ते आईला सांगत, आणि मी ओट्यावर बसून ऐकत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हायवेवर बस थांबली आणि आत्याबाई उतरल्या. बेल्लमपल्लीहून मंचिर्यालला, तिथून निर्मलला आणि तिथून आमच्या फाट्याला, अशा बसेस बदलत त्या एकट्या आल्या होत्या. हातात एक कापडी पिशवी, पायांवर धूळ. आईची तर गडबड उडाली. विहीण बारशाआधी दारात, घरात साखर नाही, नेसवायला लुगडं नाही, लोक काय म्हणतील. आत्याबाई पायऱ्यांवरच टेकल्या.

"जयभीम, इहिनबाई," त्या म्हणाल्या. "मानपानाले मी बारशाले परत येईन. आज पानी द्या फक्त."

पाणी पिऊन त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता त्या आईला विचारतील, बाबांना विचारतील. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हात ठेवू काय?" मी मान हलवली. त्यांनी हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हालते काय बाळ?"

इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. सगळे एकमेकांना विचारत होते. मी सांगितलं की कालपासून कमी हलतं आहे. झोपत असेल, असं मी स्वतःला समजावत होते. माझी आई दारात उभी होती, ती येऊन माझ्या पायाशी बसली.

"मंग काय कराचं तुले?" आत्याबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

"मी सांगतलं त ते माह्यं होईन. पोट तुह्यं हाय." मग म्हणाल्या, "भेव मलेबी वाटते त्या सलाईनीचं. माह्ये सारे घरीच झाले, मले त्यातलं काईच समजत नाई. पन तुले काय वाटते ते सांग. मी तुह्या संगं हावो."

माझ्या शिक्षणाचा मला तोवर अभिमान होता, पण स्वतःच्या जिवाबद्दलचा एक साधा निर्णय मी कधी घेतला नव्हता. ओट्यासमोर कोंबड्या माती उकरत होत्या. शेवटी मी म्हणाले, "मला जायचंय. आजच." आत्याबाईंनी लगेच पिशवी उचलली. बाबा जीप बघायला धावले. इतका हलका झालेला त्यांचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

निर्मलला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि सवयीप्रमाणे तेलुगूत बाबांना सांगायला लागल्या. आत्याबाई खाणीतल्या आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत मध्येच म्हणाल्या, "तनकि चेप्पंडि, अम्मा." म्हणजे तिला सांगा. डॉक्टरीणबाईंनी स्टूल माझ्याकडे ओढलं. बाळाचे ठोके अजून बरे आहेत, त्या म्हणाल्या, पण पाणी फार कमी आहे आणि हालचालही मंदावली आहे, त्यामुळे थांबण्यात धोका जास्त. औषध दिलं तरी कळा लागतीलच असं नाही. बाळ दमलं तर ऑपरेशन करावं लागेल. "थांबायचंच असेल तर इथेच राहा, मी लक्ष ठेवीन. पण माझ्या मताने थांबू नये." आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हटलं, "इचार, काय इचाराचं ते." मी विचारलं. कळा किती सोसाव्या लागतील, बाळाला औषधाचा त्रास होईल का, ऑपरेशन झालं तर पुढचं बाळंतपण कसं होईल. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. मग मी म्हणाले, सुरू करा.

रात्रभर त्यांनी बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं आणि सकाळी सलाईन लागलं. दुपारपर्यंत मी आत्याबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगड्यांचे वळ त्यांच्याच मनगटावर उठले. दुपारनंतर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि मला आत नेलं. ऑपरेशन झालं. मुलगी झाली. पाणी हिरवट झालं होतं, म्हणजे बाळ आतच त्रासात होतं, असं नर्सने नंतर सांगितलं. मुलगी लगेच रडली नाही. मग रडली. तो आवाज बाहेर आला तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, असं आई सांगते.

दुसऱ्या दिवशी माझी मावशी बघायला आली. बाळ पाहून झालं, माझे टाके पाहून झाले आणि ती म्हणाली की अजून थोडं थांबली असती तर आपोआप झालं असतं, पोट फाडून घ्यायची वेळ आली नसती. ती गेल्यावर मला रडू आवरेना. मी आत्याबाईंना विचारलं, "माझं चुकलं का?"

त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "थांबली असती त काय झालं असतं, ते तिलेबी ठाव नाई, मलेबी नाई, डाक्टरलेबी नाई," त्या म्हणाल्या. "तू इचार करून ठरोलं. आता ते उकरू नको. आन आईक, उलटं झालं असतं ना, तरी मी हेच म्हनली असती."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले, शाळेत आणि घरात कितीतरी जणांना "तुला काय वाटतं?" म्हणून विचारलं. विचारणं सोपं असतं. उत्तर दिल्यावर, त्याचं काहीही झालं तरी, त्या माणसाजवळ बसून राहणं अवघड. मला ते पुष्कळदा जमलेलं नाही. आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा क्वार्टरमधल्या तेलुगू बायका आमच्यापेक्षा जास्त रडल्या.

मला मात्र त्या आठवतात त्या बारशानंतर आम्हाला बेल्लमपल्लीला घेऊन आल्या त्या दिवशीच्या. क्वार्टरच्या दारात बायका जमल्या होत्या. कोणी भाकरतुकडा ओवाळून टाकला, कोणी बाळाचं नाक कुणासारखं ते पाहिलं. मग एका म्हातारीने विचारलंच की पहिल्याच बाळंतपणाला ऑपरेशन, याला परवानगी दिली कोणी, माहेरच्यांनी की तुम्ही?

"परवानगी कायची?" आत्याबाई म्हणाल्या. "पोट तिचं व्हतं, ठरोलंबी तिनंच. आमी त जीपमंदी संगं गेलो व्हतो."

बायका हसल्या. आत्याबाईही हसल्या. मग बाळाला एका हातावर सावरत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उंबऱ्यात काऊन उभी हायस? टाके ओले हाय अजून. चाल, आत चाल."