विमानातली तालीम

कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर तेल कंपनीची वसाहत होती, तिच्या छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. गोष्ट पन्नास-साठच्या दशकांच्या सांध्यावरची. मोठं ऑपरेशन आलं की रुग्णाला कंपनीच्या छोट्या विमानातून बहारीनला न्यायचं, अशी पद्धत होती. विमान एकाच पायलटचं. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची आणि तिच्यावर साहेब लोकांचे पाहुणे हौसेने बसायचे. कॉकपिट म्हणजे त्यांच्या लेखी क्लबचीच एक खोली.

पायलट युद्धात विमान चालवून आलेला होता. हे त्याने स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की वसाहतीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक असावं. त्या हिवाळ्यात क्लबमध्ये नववर्षाचं नाटक बसत होतं. हा त्यात कुठल्याशा लॉर्डचं काम करायचा आणि मोठ्या साहेबांची बायको नाटक बसवायची. वसाहतीत पंधरवडाभर दुसरा विषय नव्हता.

त्या दिवसांत रत्नागिरीकडचा एक फिटर जखमी होऊन आमच्याकडे आला. लोखंडी पाइप पायावर पडून नडगीचा चुरा झाला होता. वयाने चाळिशीचा, शांत माणूस. मी चिपळूणची, हे कळल्यावर तो मला सिस्टर म्हणायचं सोडून बाय म्हणू लागला होता. डॉक्टरांनी पाय तपासला आणि त्याला सकाळीच बहारीनला हलवायला सांगितलं. उशीर झाला तर पाय जाईल, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

सकाळी धुकं होतं. तिकडच्या हिवाळ्यात ते समुद्रावरून येतं आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. पायलटने आकाशाकडे एकदा पाहिलं आणि वर स्वच्छ आहे, निघू या, म्हणाला. एवढ्यात मोठ्या साहेबांची मोटार आली. बाईंना बहारीनला नाटकासाठी कापड घ्यायचं होतं. स्ट्रेचर आत चढवून पट्टे आवळेपर्यंत त्या पुढच्या खुर्चीवर बसल्याही होत्या, मांडीवर नाटकाची वही घेऊन.

विमान वर गेलं तसं ऊन लागलं आणि खाली नुसता पांढरा कापूस. मी फिटरच्या डोक्याशी बसले होते. मधला दरवाजा उघडाच होता, त्यामुळे पुढचं सगळं ऐकू येत होतं. बाई एक वाक्य वाचायच्या, पायलट पुढचं म्हणायचा. चुकला की बाई हसायच्या आणि तो पुन्हा म्हणायचा, दर वेळी जास्त झोकात. एका प्रवेशात लॉर्ड गुडघ्यावर बसून लग्नाची मागणी घालतो. गुडघ्यावर बसता येईना म्हणून त्याने निदान एक हात छातीवर ठेवला आणि तोंड पूर्ण बाईंकडे वळवलं. समोर बघायचं काम बहुधा त्याने विमानावर सोपवलं होतं.

किनारा शोधायला तो खाली उतरत होता, हे मला कळलं ते खिडकीबाहेर पांढरं झालं तेव्हा. पुढे संवाद चालूच. फिटरचं तोंड खिडकीकडे होतं. वेदनेने तो डोळे मिटून पडला होता, त्याने डोळे उघडले आणि माझी बाही ओढली.

"बाय, गलबताची डोलकाठी दिसते मना. आपल्या बरोबरीला."

मी वाकून पाहिलं. धुक्यात एक काठी आणि गुंडाळलेलं शीड सर्रकन मागे गेलं. त्याखाली पाणी होतं, शिशाच्या रंगाचं, इतकं जवळ की त्यावरच्या सुरकुत्या दिसल्या.

मी इंग्रजीत ओरडले, "कॅप्टन, खाली पाणी आहे."

त्याने मान न वळवता, लॉर्डच्याच आवाजात उत्तर दिलं, "सिस्टर, समुद्रावर खाली पाणीच असतं."

बाई हसल्या. मग त्याची नजर उंची दाखवणाऱ्या तबकडीवर गेली असावी, कारण वाक्य अर्ध्यात तुटलं आणि विमानाने नाक वर उचललं. स्ट्रेचर मागे सरकलं. पाय हलू नये म्हणून मी फिटरवर आडवी पडले, तरी हिसका बसलाच. तोवर हूं की चूं न केलेला तो माणूस गुरासारखा ओरडला. पुढे वहीची पानं सुटी होऊन पायलटच्या पायांत उडत होती.

धुकं विरेपर्यंत आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. उतरल्यावर पायलटने बाईंना हात देऊन खाली घेतलं आणि म्हणाला, हिवाळ्यात हवा अशी थोडी खोडकर असते. हवा बिचारी जागच्या जागी उभी होती. त्या धुक्यात पान हलण्याइतका वारा नव्हता.

फिटरचा पाय वाचला, पण आखूड झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिलं विचारलं ते गलबतावरच्या माणसांबद्दल. ते किती घाबरले असतील, असं तो म्हणत राहिला. विमानातल्या कोणाला हा विचार सुचला नव्हता, मलाही नाही.

परतल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी ऑफिसात. तिथल्या साहेबाने मला बोलावलं, खुर्ची दिली नाही आणि विचारलं, तुला विमान चालवता येतं का?

"नाही," मी म्हटलं, "पण त्या सकाळी कॅप्टनही चालवत नव्हते."

दमलेल्या नर्सेसना भास होतात, असं म्हणून त्याने मला जायला सांगितलं. पुढे मला विमानाच्या ड्युटीवरून काढलं. नाटक ठरल्याप्रमाणे झालं. आम्हा हिंदी नोकरांना मागे उभं राहून बघायची परवानगी होती. पायलटचे संवाद चोख पाठ होते, टाळ्या थांबेनात.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुख्य कचेरीतले एक बडे साहेब त्याच विमानातून आले. पुढच्या खुर्चीवरच्या पाहुण्याला मागून थर्मासमधला चहा द्यायला गेले आणि तो त्यांच्याच पांढऱ्या पाटलोणीवर सांडला. आठवड्याच्या आत हुकूम निघाला: उड्डाणात पायलटच्या शेजारी कोणी बसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, मधलं दार बंद ठेवायचं. वर कारण लिहिलं होतं, प्रवाशांची सुरक्षितता. दवाखान्याच्या भिंतीवर तो कागद चिकटवायचं काम मलाच दिलं, आणि मी तो नीट, चारही कोपरे दाबून, चिकटवला.