संत्र्यांना गरम पाणी

वहिनींचे हात आधी लाल झाले, मग सोलवटले. घरच्या पॅकिंग शेडमध्ये बुरशीनाशकाचा हौद त्यांच्याकडे होता. तोडून आणलेली संत्री त्या औषधात बुचकळायची आणि जाळीवर निथळत ठेवायची, लग्न झाल्यापासून हेच काम. हातमोजे घातले तरी औषध कुठून तरी आत शिरायचंच. शेवटी कातडीचे डॉक्टर म्हणाले, "एक तर ते औषध सोडा, नाहीतर हातांची आशा सोडा."

घरी बसणं वहिनींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फळसंशोधन केंद्रातल्या बाईंना गाठलं. बाईंनी गरम पाण्यात खायचा सोडा घालून बघायला सांगितलं. बुरशीला बराच आळा बसतो, पण पाणी पन्नास अंशांच्या फार वर नको आणि फळ दोन-तीन मिनिटांत बाहेर काढायचं.

शेडचा कारभार धाकटा दीर बघायचा. त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, संत्र्यांना आंघोळ घालून बुरशी जाते होय?"

"एक खेप द्या, भाऊजी. बिघडली तर पुन्हा विषय काढणार नाही."

बिघडलीच. वहिनींनी पाणी हातानेच अजमावलं, आणि त्या हातांना आता कढत-कोमट कळत नव्हतं. सगळ्या साली भाजल्यासारख्या तपकिरी पडल्या. रस पिऊन पिऊन घरातले कंटाळले. वहिनी क्रेटांच्या आड जाऊन डोळे पुसून आल्या.

जेवताना धाकट्या जावेने नवऱ्याकडे बघून म्हटलं, "विषय त्यांनी काढायचा नाही असं ठरलंय ना? मग मी काढते. मी थर्मामीटर धरून बसेन. आणखी एक खेप द्या."

दीर घास घेता घेता थांबला, पण नाही म्हणाला नाही.

ही खेप साधली. तरी काही दिवसांनी थोड्या फळांवर हिरवी बुरशी धरलीच. वहिनींनी ती टेबलावर ओळीने मांडली. बहुतेक डागांच्या मधोमध सालीत बारीक चीर होती, चंद्रकोरीसारखी. जावेने चीर पाहिली, मग नवऱ्याची करंगळी. त्या बोटाचं नख त्याने हौसेने वाढवलं होतं, आणि फळं निवडताना त्याचा हात सगळ्यांत वेगाने चालायचा.

"प्रत्येक फळावर सही करून पाठवलीय तुम्ही," ती म्हणाली.

"काहीतरीच! फांद्यांनी नाही का चिरा पडत?"

"पडतात की," वहिनी म्हणाल्या, "पण इतक्या एकसारख्या?"

त्याने एक फळ उचललं, चिरेला नख लावून बघितलं आणि गुपचूप खाली ठेवलं. संध्याकाळी तो पायरीवर बसून नेलकटरने करंगळीचं नख कापत होता. पुढचे काही दिवस तो हात खिशात घालून हिंडला. मग मात्र त्याने शेडमधल्या प्रत्येकाची नखं तपासायला सुरुवात केली आणि टोपल्यांना आतून गोणपाट शिवून घेतलं.

जवळच्या बाजारांचा माल आता सोड्याच्या पाण्यातूनच जातो. लांबच्या व्यापाऱ्याने मात्र साफ नकार दिला. प्रवासात माल सडला तर कोण निस्तरणार, हा त्याचा सवाल. त्याच्यापुरता औषधाचा हौद शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे दीर स्वतः उभा राहतो. वहिनींना तो त्या बाजूला फिरकू देत नाही. त्यांचे तळवे भरून आलेत, बोटांची टोकं अजून राठ आहेत. सडकी फळं पूर्वीपेक्षा थोडी जास्तच निघतात, म्हणून दोघी जावा रोज सकाळी क्रेट उपसून ती वेचून काढतात आणि उरलेला माल टेम्पोत चढवतात.