साडूंच्या फोनवरचं ठिगळ

फोनच्या पडद्यातल्या भोकाचा आमच्या साडूंइतका राग करणारा माणूस अख्ख्या माजलगाव तालुक्यात दुसरा नसेल. दिंद्रुडला त्यांचं कापडाचं दुकान. तागा उजेडाकडे धरून टाचणीएवढं भोक हुडकायचं आणि माल परत धाडायचा, यातच हयात गेली. त्यामुळे कंपन्या कॅमेऱ्यासाठी मुद्दाम पडद्याला भोक पाडतात आणि लोक ते हौसेनं घेतात, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यात एका जागी दोन मिनिटं थांबतील तर शपथ. लिंबागणेशच्या एका लग्नात इकडे अक्षता पडताहेत आणि आमचे साडू मांडवभर फिरून पाहुण्यांचे फोन मागून बघताहेत. कुणाच्या पडद्याला वरून खाच, कुणाच्या थेंब, कुणाच्या औषधाची गोळी चिकटल्यासारखा डाग. नवरदेवाच्या भावाला म्हणाले, "नवाकोरा माल अन् कपाळालाच भोक? तुमी घेतलाच कावून?" तो बिचारा फोन खिशात घालून जेवायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

अशा माणसाला लेकीनं बंगळुरूहून फोन पाठवला, तोही वर मधोमध भोक असलेला. साडूंनी काळ्या अस्तराचा वाटाण्याएवढा गोल तुकडा कापला आणि भोकावर चिकटवून टाकला. भोक झाकलं, पण कॅमेराही आंधळा झाला. व्हिडिओ कॉलवर यांना लेक दिसायची, तिला मात्र नुसता काळोख. "लाईट न्हाई बाई," हे उत्तर भर दुपारीसुद्धा तयार. आई नसलेली पोर ती, तिचा जीव किती दिवस थाऱ्यावर राहणार? शेवटी तिनं मला फोन केला. "काका, एकदा जाऊन बघा ना. बाबा मला दिसतच न्हाईत."

गेलो आणि दुकानाच्या दारातच थबकलो. माणूस निम्मा राहिला होता. कावीळ होऊन गेली होती आणि यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मला असा राग आला म्हणता! "भाऊ, आधी ते ठिगळ काढा," मी म्हणालो.

ते गल्ल्यापासून दारापर्यंत येरझारा घालू लागले. "आधी खरंच डोळ्यात सलत होतं, म्हणून लावलं. मग दुखणं आलं, म्हनलं बरंच झालं. मला असं बघितलं तर नोकरी सोडून येती ती. आत्ताशी तर लागलीय."

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. साडूंनी माझ्याकडे बघितलं, मग नखानं तो तुकडा खरवडून काढला. फोन उचलून तोंडासमोर धरला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "जेवलात का?"

"जेवलो की."

"काय जेवलात?"

साडू फोन हातात घेऊन पुन्हा दारापर्यंत येरझारा घालू लागले.

"बाबा, मी येऊ का?"

"नगं, नगं. नोकरी सोडू नगं," साडू म्हणाले. "रजा मिळंल तवा ये." आणि तिला बोलूही न देता, "कधी मिळंल?"