तारप्याला पाठ

"सोळाव्या सेकंदाला माणूस बदलतो," सर म्हणाले.

सकाळचे सहा. खर्डीत माझा चहाही झाला नव्हता आणि तिकडे जपानात सरांचं ऑफिस भरलं होतं.

"सर, माणूस एकच आहे. लखमाकाका."

"मग श्वास दोन का ऐकू येतात?"

तुकडे मीच कापून जोडले होते.

मी व्हिडिओ गेमसाठी संगीत करते. हे सर आमचे मुख्य संगीतकार. ते कामाला लागले तेव्हा गेमच्या मशीनमध्ये एका वेळी जेमतेम तीन सूर वाजायचे. तेवढ्या सुरांत त्यांनी अख्खी जंगलं उभी केली. भातातला खडा दाताला लागावा तसा जोड त्यांच्या कानाला लागतो.

गेमच्या संगीताचा लूप करावा लागतो. म्हणजे तुकडा संपला की परत पहिल्यापासून, पण संपल्याचं कळता कामा नये. या गेममधल्या जंगलासाठी मीच मोठ्या फुशारकीने तारपा सुचवला होता. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं वाद्य. वाजवणारा नाकाने श्वास घेतो आणि तेवढ्यात गालातल्या हवेने फुंकत राहतो. सूर तुटतच नाही. लूपला आणखी काय हवं?

पण माझ्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंग केलं, तर तारपा वाजवणारे लखमाकाका दर पंधरा-वीस सेकंदांनी थांबायला लागले. मला वाटलं वय झालं, दम पुरत नाही. विचारायचा संकोच वाटला. सात तुकडे जोडले आणि दिले पाठवून.

"आज आमच्या सहा वाजेपर्यंत तीन मिनिटं अखंड पाठवा," सर म्हणाले. "नाहीतर जंगल दुसऱ्याला द्यावं लागेल."

त्यांचे सहा म्हणजे आपले अडीच. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या चालींना मागचे आवाज भरून देत होते. माझ्या नावाने लागणारा हा पहिला ट्रॅक. बसवेना. माईक, लॅपटॉप घेऊन स्कूटर काढली आणि तानशाकडच्या, काकांच्या पाड्यावर निघाले. रस्ताभर डोक्यात एकच, काकांऐवजी तरणा कोण मिळेल?

काका लाकडं आणायला रानात गेलेले. अकरा वाजेपर्यंत खळ्यावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होते. ते आले तशी मी सरळ विचारलं.

"काका, वाजवताना दम लागतो का तुम्हाला?"

"कोनाला, मना? नवा भात आला का रातभर वाजवतो मी!"

"मग त्या दिवशी सारखे थांबत का होतात?"

"तूच पाठ फिरवत व्हतीस ना गो. तारप्याला कोन पाठ देत नाय. वाजवनारा मदी, नाचनारी भवती, तोंड त्याच्याकडं. पाठ दिसली का वाजवायचं कोनासाठी?"

"अहो, मग सांगायचं ना!"

"तू कामात व्हतीस."

मी कपाळावर हात मारला. सूर लागला रे लागला की मी वळून लॅपटॉपवर आवाजाची पट्टी बघत होते. आणि खापर फोडलं म्हाताऱ्याच्या छातीवर! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माईक खळ्यात लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्क्रीनवर ओढणी टाकली. काकांच्या दोन्ही सुना हात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी मलाही ओढलं.

"अगो, पायांचा आवाज येईल!"

"येऊदे की," काका म्हणाले आणि फुंकर मारली.

आवाज फाटत तर नसेल? माईक पडला तर? मान वळवायला जीव नुसता तडफडत होता. वळवली नाही. पाय एकदा चुकला, दोनदा चुकला. अकरा मिनिटं काकांनी सूर सोडला नाही. शेवटी मीच धापा टाकत खाली बसले.

पाड्यावर रेंज नाही. खर्डीत येऊन दोन वीसला फाइल पाठवली. मग नखं खात बसले.

तासाभराने सरांची मेल आली. "जोड सापडला नाही. पावलं राहू द्या. एक जण चुकतो आहे, तोही राहू द्या."

हल्ली रेकॉर्डिंगला मी वाजवणाऱ्याकडे तोंड करून बसते आणि लॅपटॉपकडे पाठ. लॅपटॉप अजून तरी रुसलेला नाही.