मारोतरावांचा प्रश्न

विद्यापीठानं बहिःशाल व्याख्यानमाला सुरू केली, ती बाभुळगावानं ज्ञानासाठी हट्ट धरला म्हणून नव्हे. पण नागपूरहून प्राध्यापक येणार, शाळेच्या हॉलमध्ये बोलणार आणि पुन्हा आपल्या वाटेनं निघून जाणार, एवढ्यावर नाही म्हणायला आम्ही काही खुळे नव्हतो. मग दर हिवाळ्यात, कापूस वेचायच्या ऐन धांदलीत, ज्ञान आमच्याकडे मोटारीनं येऊ लागलं.

अडचण एकच होती. भाषण संपलं की अध्यक्ष विचारायचे, "कुणाला काही शंका?" आणि गावाला कसलीच शंका नसायची. पहिल्याच हिवाळ्यात एका प्राध्यापकांनी शंकेची फार वाट पाहिली आणि शेवटी खिन्न होऊन तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. गावाची लाज गेली. तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीस, म्हणजे कन्याशाळेच्या विमलताई, यांनी तोडगा काढला. प्रश्न आपणच तयार करायचा. तो जेवताना पाहुण्यांच्या कानावर घालायचा, म्हणजे त्यांचं उत्तर तयार. आणि सभेत विचारायला एक माणूस नेमायचा.

नेमणूक झाली मारोतरावांची. मारोतराव कास्तकार, शिक्षण चौथीपर्यंत. पण वावराच्या एका धुऱ्यावरून हाक मारली की दुसऱ्या धुऱ्यावरचे बैल थांबत, असा आवाज. शिवाय पाठांतर पक्कं. विमलताईंनी सकाळी सांगितलेला प्रश्न संध्याकाळी एक काना इकडचा तिकडे न होता बाहेर पडायचा. प्रश्नाचा अर्थ कळलाच पाहिजे अशी अट नव्हती, आणि तशी अट इतरांनाही कुठं होती! "अद्वैत आणि लोकशाही यांचा मेळ कसा घालावा?" असं मारोतरावांनी विचारलं तेव्हा पाहुण्यांनी डोळे मिटून मान डोलावली होती. एका वर्षी व्याख्यानमालेची सांगता गाण्याच्या मैफलीनं झाली, तर विमलताईंनी तिथंही त्यांना उभं केलं. बुवा तंबोरा गवसणीत घालत होते आणि मारोतराव त्यांना मध्यमाचं प्रयोजन विचारत होते.

गावाला मात्र या प्रश्नाचा मोठा उपयोग होता. मारोतराव उठले म्हणजे आता सुटका जवळ आली. ते उभे राहिले की सगळा हॉल चपला शोधायला वाकायचा. त्या खडखडाटात प्रश्न कुणी ऐकला असेल, तर शपथ.

एकदा मात्र तो एकानं नीट ऐकला. मारोतरावांचा मुलगा घनश्याम मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसला होता. त्या हिवाळ्यात तो हॉलच्या भिंतीशी उभा असताना मारोतरावांनी खणखणीत आवाजात विचारलं, "आजच्या तरुण पिढीच्या अधोगतीची कारणे कोणती?" प्रश्न विमलताईंचा. मारोतरावांना अधोगती म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पण पोराला ठाऊक होतं. एवढं तो शाळेत शिकला होता. चपला शोधणारी दोनचार टाळकी त्याच्याकडे बघून हसली. घनश्याम त्या रात्री जेवला नाही, आणि सकाळी घरातच नव्हता.

पुढं कळलं की तो राजूरला कोळशाच्या खाणीत लागला आहे. त्याची आई वच्छलाबाई म्हणाली, "जाऊन घेऊन या त्याले." मारोतराव म्हणाले, "त्यानं यावं. म्या काय इचारलं हे मले तरी कुठं समजलं होतं?" दोन हिवाळे असेच गेले. खाणीत छत कोसळल्याची उडत उडत काही बातमी आली की मारोतराव वावरातून लवकर परतायचे आणि ओसरीवर नुसते बसून राहायचे. असा हा गावचा अधिकृत प्रश्नकर्ता.

आणि मग विषय जाहीर झाला: "विदर्भाची खनिजसंपत्ती". वच्छलाबाई जन्मात पहिल्यांदा व्याख्यानाला आली आणि बायकांच्या बाजूला पुढं बसली. विमलताईंनी सकाळी प्रश्न पढवला होता, "विदर्भातला कोळसा किती वर्षं पुरेल?" मारोतरावांनी तो नेहमीसारखा म्हणूनही दाखवला होता.

संध्याकाळी अध्यक्षांनी शंका मागितली. मारोतराव उठले. हॉल चपलांकडे वाकला. मारोतराव म्हणाले, "साहेब, राजूरच्या खाणीत उतरते त्या पोराले काही धोका असते का?"

"उत्तम प्रश्न!" प्राध्यापक म्हणाले. "काळजीचं काही कारण नाही. कोळसा अजून तीन पिढ्या सहज पुरेल."

टाळ्या पडल्या. विमलताई हसऱ्या चेहऱ्यानं आभाराला उठल्या. पण मारोतराव बसले नाहीत. दुसऱ्यांदा विचारायचा रिवाज नव्हता, तरी त्यांनी विचारलं, आणि बैल थांबवायच्या आवाजात विचारलं. "कोळशाचं नाही, साहेब. पोराचं इचारून राह्यलो मी!"

हातातल्या चपला हातातच राहिल्या. प्राध्यापक बिचारे प्रामाणिक निघाले. म्हणाले, "खाणीत मी कधी उतरलो नाही हो. आमच्याकडे नमुने येतात."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वच्छलाबाईचा आवाज आला, "आवं, पोरगं तं तिकडं राजूरले हाय. तुमी या नागपूरच्या मानसाले कायले इचारता?"

सात वर्षांत आमच्या हॉलमध्ये इतकं शहाणं वाक्य कुणी बोललं नव्हतं, आणि ते बोलायला मानधन लागलं नाही. विमलताईंनी घाईघाईनं आभार मानून टाकले.

दुसऱ्या दिवशी नवराबायको पहिल्या मोटारीनं निघाले, यवतमाळला मोटार बदलून वणीला आणि तिथून राजूरला. पुढचं वच्छलाबाईनंच सगळ्यांना सांगितलं. खाणीच्या तोंडाशी पोचले तेव्हा पाळी सुटत होती. माणसं वर येत होती, आणि सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. मारोतरावांनी समोर आला त्यालाच थांबवलं.

"बापू, बाभुळगावचा घनश्याम कुठं भेटन?"

 तो पोरगा म्हणाला, "बाबा, मीच तं हाय."

 वच्छलाबाईनं पदर ओला करून पोराचं तोंड पुसायला घेतलं. काळं लवकर निघेना. ती पुसत राहिली, आणि मारोतराव त्या खाणीच्या तोंडाशी, सगळ्या मजुरांसमोर, ढसाढसा रडले.